काडीमोडीचा मळा

शिरगणतीवाला येतो आणि विचारतो, "आजी, कामधंदा काय करत होतात?" मी सांगते, "कोंबड्या सांभाळत होते." तो लिहून घेतो आणि शेजारच्या दारी जातो. मी खोटं सांगत नाही. पिंपळे गुरवच्या शिवारात, पवनेच्या काठी माईसाहेबांचा मळा होता, तिथे मी चौदा वर्षं कोंबड्या सांभाळल्या. मात्र त्या मळ्यावर कोंबड्यांशिवाय आणखीही काही जणी राहत असत, आणि त्यांना सांभाळणं हेच माझं खरं काम होतं. त्याला नाव काय द्यायचं हे मला कधी कळलं नाही, म्हणून कोंबड्यांवर भागवते. आता यंदाच्या दिवाळी अंकासाठी लिहायला सांगितलंच आहे, तर सगळं सांगून टाकते.

माईसाहेब म्हणजे पुण्यातल्या एका वकिलांच्या विधवा. यजमानांनी पेरूची बाग आणि दोन खणांचं घर मागे ठेवलं होतं. नवा कायदा होऊन तीन-चार वर्षं झाली असतील. हिंदू बाईला मुंबई इलाख्यात कोर्टातून नवऱ्यापासून सुटका मिळायला लागली होती. कायदा झाला खरा, पण केस चालेपर्यंत त्या बाईने राहायचं कुठे? सासरी शक्यच नव्हतं. माहेरी राहिली तर धाकट्या बहिणींची लग्नं अडायची. माईसाहेबांनी नवऱ्याच्या जुन्या वकीलमित्रांना निरोप पाठवला, की माझ्याकडे जागा आहे, पेरू आहेत, काम आहे, पाठवा. मग त्या यायला लागल्या. एका वेळी तीन-चार असायच्या. कुणी सहा महिने राही, कुणी दोन वर्षं.

गावाने मळ्याचं बारसं लगेच केलं. 'काडीमोडीचा मळा.' नावाडीसुद्धा दापोडीच्या बाजूला उभा राहून ओरडायचा, "काडीमोडीवाल्या बाया कुणी हायेत का?" सुरुवातीला आमच्या बाया पदर तोंडावर ओढून घेत. पुढे पुढे त्याच हात वर करून "आहोत, आहोत!" म्हणायच्या.

या सगळ्या प्रकाराचं सर्वांत जास्त नवल वाटायचं ते कोंडाबाईला. कोंडाबाई गावातली, मळ्यावर रोजाने यायची. तिने स्वतः तरुणपणी एक नवरा सोडून दुसऱ्याशी पाट लावला होता. "आमच्यात पंचाफुडं काडी मोडली का झालं," ती म्हणायची. "तुमा शिकल्याल्या बायांना त्येला दोन वरसं लागत्यात व्हय? आन् कागुद किती त्यो!" 

बाहेरच्या माणसाला वाटेल की अशा ठिकाणी दिवसभर रडारड चालत असेल. तसं नव्हतं. पहाटे उठून खुराडी साफ करायची, अंडी गोळा करून पुसायची, पेरू निवडून पाट्या भरायच्या, आणि दुपारी माझ्याकडे कोर्टाचा अभ्यास. मला कायदा येत नव्हता, पण वकिलांबरोबर जाऊन जाऊन कोर्टात काय विचारतात ते पाठ झालं होतं. आणि पहिलाच प्रश्न असा असायचा, की तिथेच निम्म्या बाया गारद व्हायच्या. पूर्ण नाव सांगा. म्हणजे नवऱ्याचं नाव घ्या.

आजच्या मुलींना हे खरं वाटणार नाही. पण तेव्हा बाईने नवऱ्याचं नाव तोंडाने घ्यायचं नाही, हे हाडीमाशी मुरलेलं होतं. घ्यायचंच तर लग्नाकार्यात, उखाण्यात गुंफून. ज्या माणसाने हिला टाकली, दुसरी घरात आणली, त्याचंही नाव हिच्या जिभेवर येत नसे. न्यायाधीशांनी विचारलं तर एकीने सरळ बोट दाखवलं, "ते काय समोर बसलेत, त्यांनाच विचारा." दुसरीने कागद मागून घेतला आणि लिहून दिलं, वर श्री लावायला विसरली नाही.

कोर्टात साक्षीदाराचा पिंजरा असतो, आमच्याकडे खुराडं होतं. त्याच्या अर्ध्या फाटकामागे बाईला उभी करायची. समोर उलट्या पाटीवर मी बसायचे, म्हणजे साहेब. "पूर्ण नाव?" मी दरडावून विचारायचे. ती कोंबड्यांकडे बघत पुटपुटायची. "मोठ्याने!" कोंबड्या दचकून उडायच्या, बाई हसायची, आणि हसण्याच्या भरात कधीतरी ते नाव बाहेर पडायचं. कुणाला दोन दिवस लागत, कुणाला महिना. नाव बाहेर पडलं की पुढची उत्तरं आपोआप यायची. मला त्या कामाचा अभिमान होता, अजून आहे.

एक नियम मात्र माईसाहेबांचा होता आणि तो मोडलेला त्यांना चालत नसे. केस चालू असताना नवरा मळ्यावर आला तर त्याने पायरीखाली बसायचं. पाणी, चहा कोंडाबाई देईल. बायकोने त्याच्यासाठी पेलासुद्धा उचलायचा नाही. कारण कायदा असा, की नवऱ्याने सलग चार वर्षं टाकलेली असली पाहिजे. मध्येच त्याने तिला जवळ केलं आणि तिनेही त्याला आपला मानलं, असं ठरलं की ती चार वर्षं पाण्यात. पुन्हा पहिल्यापासून. तेव्हा जेवायला वाढणं, पान देणं, दोन शब्द गोड बोलणं, सगळ्याचा उद्या कोर्टात कीस पडणार. दारी आलेल्याला उपाशी घालवायचं माझ्या जिवावर यायचं, पण नियम मी पाळला. फक्त एकदा मोडला.

यमुना वाईकडची. बारीक, सावळी, बोलायला कमी. लग्नानंतर वर्षभर दोघांनी पुण्यात बिऱ्हाड केलं होतं. मग नवऱ्याला, त्रिंबकरावांना, मुंबईला कारकुनी मिळाली. "जागा मिळाली की पत्र पाठवतो," असं सांगून त्यांनी तिला माहेरी पोचवलं, आणि पत्र काही आलं नाही. तिने पाठवलेली पत्रं न फोडता परत आली. चार वर्षं पुरी होऊन वर दोन महिने झाले आणि तिने अर्ज केला. अर्जाची नोटीस पोचल्याबरोबर मात्र पत्र आलं. आई अंथरुणाला खिळली आहे, तिचं करायला कुणी नाही, तू ये.

"त्यांनी मला कधी मारलं नाही," यमुना मला म्हणाली होती. "त्यांचा रागही येत नाही मला. पण चार वर्षं बायको नको होती, आणि आता आईंचं करायला हवं म्हणून बायको पाहिजे. अंबूताई, या वेळी गेले तर मी पुन्हा कधी सुटणार नाही."

अंबूताई म्हणजे मी. माझ्याबद्दल इथे थोडं सांगायला हवं. माझे यजमान खडकीला नोकरीत होते. ती सुटली तेव्हा "नागपूरकडे काम बघून येतो" म्हणून गेले. एक पत्र आलं, मग तेही नाही. मला माईसाहेबांनी स्वयंपाकाला म्हणून आणलं होतं. मळ्यावरच्या बाकीच्या जणी नवऱ्यापासून सुटायला आलेल्या, आणि मी एकटी कुंकू लावून वाट बघणारी. हे विचित्र आहे, असं तेव्हा मला वाटत नव्हतं. त्या वेगळ्या, मी वेगळी, अशी माझी समजूत होती.

त्या वर्षी दिवाळीला माईसाहेब भाच्याकडे पुण्याला गेल्या होत्या. पाडव्याची सकाळ. मी नुकतीच माझ्या खोलीतून बाहेर आले होते, हातात ओवाळणीचं ताट तसंच होतं. पाहते तर फाटकाशी त्रिंबकराव उभे. डोक्यावर काळी टोपी, बरोबर एक चुलतभाऊ.

"मावशी, सणाचं आलोय," ते म्हणाले. आवाज अगदी नरम. "केस चालायची ती चालू दे. आज पाडवा आहे, तिच्या हातून ओवाळून घ्यावं एवढंच मनात होतं. लगेच निघतो."

पायरीखाली बसा, असं मी म्हणायला हवं होतं. वर्षभर प्रत्येकाला तेच म्हणत आले होते. पण पाडव्याच्या दिवशी नवरा स्वतःच्या पायांनी दारात आलेला पाहून मला दुसरं काही सुचलंच नाही. हे दृश्य डोळ्यांसमोर यावं म्हणून मी किती पाडवे घालवले होते! मी त्यांना ओसरीवर बसवलं. यमुना अंडी पुसत होती. मी जाऊन ताट तिच्या हातात दिलं.

"अंबूताई, नको," ती म्हणाली.

"अगं, सणाचा माणूस दारात आहे. ओवाळल्याने काय होतं? ऊठ."

तिने हातातलं अंडं टोपलीत ठेवलं. मग उठली, हात धुतले आणि ओवाळलं. मान खाली. त्रिंबकरावांनी पिशवीतून चोळीचा खण काढून ताटात घातला. लगेच निघतो म्हणालेला माणूस खण बरोबर घेऊन आला होता, हे मला तेव्हा खटकायला हवं होतं. मी कसलं खटकून घेते! मी त्या दोघांना पानं वाढली आणि वर शेवटचा भात घ्यायचा आग्रह केला. दुपारच्या नावेने ते गेले. "ब्येस झालं," कोंडाबाई म्हणाली, पण तिचा सूर बरा नव्हता. "आता इस्कटल्यालं कोन गोळा करणार?"

महिन्याभराने त्रिंबकरावांच्या वकिलाने कोर्टात सांगितलं, की पाडव्याला अर्जदार बाईने नवऱ्याला ओवाळलं, त्याने दिलेला खण घेतला, त्याला जेवू घातलं. साक्षीला चुलतभाऊ. म्हणजे तिने त्याला पुन्हा नवरा म्हणून स्वीकारलं, आता त्याने टाकली असं म्हणायला जागा नाही. आपला अशील तिला आजही सन्मानाने न्यायला तयार आहे.

त्या संध्याकाळी माईसाहेब मला फक्त एकच वाक्य बोलल्या. "अंबू, तुझ्या एका ताटाने तिची चार वर्षं पुसली."  यमुना रोजच्यासारखी अंडी पुसत राहिली. तिने मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मी तिच्यापेक्षा वयाने मोठी, जगाला शहाणपण शिकवणारी, आणि स्वतःची हौस मी तिच्या हातून भागवून घेतली होती. हे मला लख्ख दिसत होतं आणि लाजेने जेवण जात नव्हतं.

यमुनेची केस चालवणाऱ्या वकीलसाहेबांनी सांगितलं, की आता एकच उपाय. ताट मी दिलं, ती नको म्हणत होती, हे मी कोर्टात सांगायचं. मी तयारच होते.

मी पिंजऱ्यात उभी राहिले. कारकुनाने मान वर न करता विचारलं, "पूर्ण नाव?"

"अंबू."

"पूर्ण सांगा, बाई. नवऱ्याचं नाव?"

मी तोंड उघडलं आणि बंद केलं. खुराड्यासमोर बसून मी किती जणींवर ओरडले होते, "मोठ्याने!" आता माझीच जीभ टाळ्याला चिकटली. समोरच्या बाकावर यमुना बसली होती. तिचे ओठ हलत होते. मी तिला शिकवताना जशी हळूच सुरुवात करून द्यायची, तशी ती मला देत होती, पण तिला ते नाव माहीतच नव्हतं. मळ्यावर कुणालाच माहीत नव्हतं.

"बाई, नाव!" कारकून करवादला.

आणि माझ्या तोंडून लग्नात पाठ केलेला उखाणा बाहेर पडला.

"लाल लुगड्याला जरीचे काठ, वामनरावांसाठी मांडते चंदनाचा पाट."

कोर्टात हशा पिकला. पट्टेवालासुद्धा भिंतीकडे तोंड करून हसला. न्यायाधीशसाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं, तेव्हा शांत झालं. मी माझी साक्ष दिली. ताट मी दिलं, ती नको म्हणाली होती, मी तिला उठवलं. मग त्रिंबकरावांचे वकील उठले. माणूस हुशार होता आणि हशाने खुशीत आला होता.

"काय हो बाई, तो चंदनाचा पाट अजून मांडता का?"

"चंदन कुठलं, सागवानी आहे," मी म्हणाले. "मांडते."

"रोज?"

"पाडव्याला."

"आणि यजमानांना ओवाळता?"

 दर पाडव्याला मी खोलीचं दार लावून घ्यायची, पाट मांडायची, भोवती रांगोळी काढायची आणि रिकाम्या पाटाला ओवाळायची. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. कुणी बघितलं असतं तर मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. पण यमुना समोर बसली होती, आणि मी खरं सांगेन म्हणून शपथ घेतली होती.

"यजमान घरी नसतात," मी म्हणाले. "पाटाला ओवाळते."

आता कुणी हसलं नाही. वकील मात्र थांबले नाहीत. "पाहा साहेब, साक्षीदार स्वतःच सांगते. नवरा समोर नसला तरी ओवाळायचं, इतकं आपल्या बायका त्याचं महत्त्व मानतात. म्हणजे ओवाळणं ही नवरा मानल्याचीच खूण झाली."

साहेबांनी त्यांना हाताने खाली बसायची खूण केली आणि माझ्याकडे वळले.

"बाई, किती वर्षं ओवाळता?"

"अकरा."

"इतक्या वर्षांत यजमान कधी आले?"

"नाही."

"पत्र?"

"सुरुवातीला एक आलं. मग नाही, साहेब."

 मग फार सावकाश, घरातलं मोठं माणूस विचारतं तसं त्यांनी विचारलं, "मग तुम्ही ओवाळता, म्हणून तुम्ही त्यांच्याजवळ नांदता, असं तुम्हाला वाटतं का?"

अकरा वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मीही स्वतःला विचारला नव्हता. पिंजऱ्याचा कठडा मी घट्ट धरला. यमुनेसाठी आले होते आणि उत्तर मला माझ्यासाठी द्यावं लागत होतं.

"नाही, साहेब," मी म्हणाले. "मी नांदत नाही. मला टाकलेली आहे."

"लिहून घ्या," साहेब कारकुनाला म्हणाले.

परत येताना नावेत मी आणि यमुना शेजारी बसलो होतो. नाव काठापासून सुटली. मग ती म्हणाली, "तुम्हाला नाव घेणं एका दिवसात जमलं, अंबूताई. मला तीन आठवडे लागले होते." त्या दिवाळीनंतर ती माझ्याशी पहिल्यांदा आपणहून बोलली. मला हसू आलं आणि मग रडूही आवरेना. नावाड्याने सभ्यपणे नदीकडे तोंड फिरवलं.

उन्हाळ्यात निकाल लागला. एका सणाच्या ओवाळण्याने संसार पुन्हा उभा राहत नाही, अशा अर्थाचं काहीतरी साहेबांनी लिहिलं होतं. वकीलसाहेबांनी ते आम्हाला मराठीतून दोनदा वाचून दाखवलं. यमुना सुटली. पिंपरीकडे नव्याने निघालेल्या एका कारखान्यात तिला बाटल्या तपासायचं काम मिळालं. "अंड्यांवर हात बसलाय, बाटल्या फुटायच्या नाहीत," असं म्हणून ती गेली.

माईसाहेबांनी मला जवळ बसवून सांगितलं, "अंबू, सात वर्षं पत्ता नसला तरी कायदा सोडवतो. तुझी तर अकरा झाली. अर्ज लिहवून घेऊ." मी बरं म्हटलं. पेरूचा हंगाम होऊ दे म्हटलं, मग नव्या पिल्लांचं होऊ दे. कितीतरी जणींना मी त्या पिंजऱ्यापर्यंत नेलं, पण माझा अर्ज काही लिहून झाला नाही. भीती होती, आळस होता, की एवढी वर्षं फुकट गेली हे कागदावर यायला नको होतं, मला अजून सांगता येत नाही. माईसाहेब गेल्या, मळा विकला गेला, आता तिथे चार मजली इमारती आहेत. अर्ज राहिला तो राहिलाच. त्याची चुटपुट आहे.

पण त्या खटल्यानंतरच्या पाडव्याची गोष्ट सांगायची राहिली. सकाळी मी सवयीने पाट काढला, पुसला, रांगोळी काढली, निरांजन लावलं. ताट हातात घेतलं आणि ओवाळवेना. साहेबांसमोर बोललेलं कानात होतं. ताट खाली ठेवलं. मग पाय दुखत होते म्हणा किंवा काय म्हणा, मी त्या पाटावर बसले. लग्नात आलेला पाट, पण मी त्यावर कधी बसले नव्हते. दार लावायचं त्या दिवशी राहून गेलं होतं.

यमुना सुट्टी म्हणून मळ्यावर आली होती. ती आणि तिच्या मागे कोंडाबाई अशा दोघी दारात उभ्या राहिल्या.

"आगं बया," कोंडाबाई म्हणाली. "मालकाच्या पाटावर बसलीस व्हय अंबूताय?"

मी उठायला लागले. यमुनेने माझ्या खांद्यावर हात ठेवून मला खाली बसवलं. खाली ठेवलेलं ताट तिने उचललं. तेच ताट होतं, जे मी तिच्या हातात कोंबलं होतं.

"या वेळी कुणी सांगितलं म्हणून नाही," ती म्हणाली, आणि तिने मला ओवाळलं.

ताटात घालायला माझ्याजवळ काहीच नव्हतं. शेजारच्या टोपलीत सकाळची अंडी होती, त्यातली दोन मी जपून निरांजनाच्या बाजूला ठेवली.